नाकासमोर चालणारा झाडू

आमच्याकडे नाकं आणि कान तयार होतात. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, आणि मग त्याचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे जातो. मला आता त्याचं काही वाटत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मीही तेच केलं होतं.

इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या आहेत. पहिलीत चार खुर्च्या आणि पडदा ओढून झाकता येईल असा एक आरसा. दुसरीत बाई. तिसरीत मी, दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा, जो माझ्यापेक्षाही जास्त कुरकुरतो. आजारात किंवा अपघातात ज्यांचं नाक किंवा कान गेला, त्यांना बाई सिलिकोनचा नवा करून देतात. पूर्वी त्या कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यांचे चेहरे घडवायच्या. हात असा, की बशीत ठेवलेला तयार कान पाहून आमचा नवा सफाई कामगार किंचाळत जिना उतरला होता आणि दुसऱ्या दिवशी आला तो राजीनामा घेऊनच.

बाईंचा एक नियम आहे. पेशंटच्या कानावर पडेल अशा आवाजात नाक-कानांचा एकही वाक्प्रचार तोंडातून काढायचा नाही. जो काढेल त्यानं सगळ्यांना चहा करायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण मराठीत नाक-कानांशिवाय एक दिवस काढून दाखवा. कामानं नाकी नऊ येतात, कुणी मधेच नाक खुपसतं, कुणी उगाच नाक मुरडतं, एखादी गोष्ट साहेबांच्या कानावर घालायची असते, दुसरीकडे कानाडोळा करायचा असतो, आणि एवढं सगळं करून चूक झालीच तर कानाला खडा लावायचा असतो. पहिलं वर्षभर चहा बहुतेक मीच केला.

माझं काम फायलींचं. नाक गेल्यावर नाकाचं माप घेता येत नाही, हे उघड आहे. म्हणून ज्यांची शस्त्रक्रिया ठरलेली असते त्यांचा चेहरा आम्ही आदल्या दिवशी स्कॅन करून ठेवतो. प्रकाशाच्या पट्ट्या चेहऱ्यावरून फिरतात आणि उंचवटा, खळगा, मस, जे असेल ते फाईलमध्ये उतरतं. या फायली मी 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. बाईंचं रोजचं कच्चं काम, अर्धवट आकार, फसलेले आकार, हे सगळं 'ट्रे' नावाच्या फोल्डरमध्ये पडतं. ट्रे भराभर भरतो. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, त्याचं नाव 'झाडू'. दर बुधवारी दुपारी दोन वाजता तो ट्रेमध्ये शिरतो आणि महिन्याहून जुनं जे दिसेल ते पुसून टाकतो.

हा झाडू अक्काच्या हाती लागला ती हकिगत आधी सांगायला हवी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. एका मोठ्या कार्यालयाच्या कॉम्प्युटरांची राखण करण्यात तिची तीस वर्षं गेली. ती निवृत्त झाली, तिचा संशय काही निवृत्त झाला नाही. गेल्या वर्षी तिच्या घराला रंग लावायचा होता म्हणून ती पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आली, आणि तिसऱ्याच दिवशी कंटाळून माझ्याबरोबर कामावर आली. तिनं माझा झाडू पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. वाचताना एक शब्द बोलली नाही. अक्काच्या बाबतीत हे वाईट लक्षण असतं.

"हा झाडू आहे की मोकाट सुटलेला वळू?" तिनं विचारलं.

"का? काय झालं त्याला?"

"ट्रेमध्ये सोडलास, ठीक आहे. पण ट्रेमधून बाहेर पडायच्या वाटा आहेत. त्या कोण बंद करणार, आपला मामा येऊन?"

मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं. मला ते माहीत होतं, पण लहानपणी बुटाचे बंद बांधून देताना ती जशी बोलायची तशाच आवाजात सांगितलं. फाईलचा पत्ता म्हणजे कपाट, कपाटातला खण, खणातलं पाकीट. कॉम्प्युटर एकेक पायरी उतरत पाकिटापर्यंत जातो. पण पत्त्यात नुसती दोन टिंबं आली की त्याचा अर्थ 'एक पायरी वर चढ'. असा चार वेळा वर चढला की तो ट्रेमध्ये नसतो, घरभर हिंडत असतो. ही एक वाट. दुसरी वाट दुव्याची. दुवा म्हणजे पाकिटाच्या जागी ठेवलेली चिठ्ठी: 'वस्तू इथे नाही, त्या तिकडच्या कपाटात आहे, तिकडे जा.' माझा झाडू आज्ञाधारक होता. चिठ्ठी दिसली की तो तिकडे जायचा आणि तिकडचंही झाडायचा.

"बरं, मग आत शिरण्याआधी चिठ्ठी आहे का ते मी तपासून घेईन," मी म्हणालो.

"आधी बघशील, मग जाशील. आणि बघणं आणि जाणं यांच्या मधल्या क्षणात कुणी चिठ्ठी ठेवली तर? ज्यानं दार उघडायचं त्यानंच बघायचं, आणि उघडतानाच बघायचं. ते काम तुझं नाही, ऑपरेटिंग सिस्टिमचं आहे. तिला तसं सांगता येतं आता. सांग की!"

मी काही सांगायच्या आत तिनंच दोन ओळी लिहिल्या. या फोल्डरच्या खालीच राहा, वर चढू नकोस, चिठ्ठीच्या मागे जाऊ नकोस. पत्ता बाहेर जातोय असं दिसलं की सिस्टिम दारच उघडणार नाही. झाडू आहे तिथे थांबेल आणि आपल्या नोंदवहीत एक वाक्य लिहून ठेवेल. ते वाक्यही अक्कानंच लिहिलं: 'वाट हद्दीबाहेर जाते. थांबलो.'

"झाडूनं कसं," ती खुर्ची मागे सारत मोठ्यानं म्हणाली, "नाकासमोर चालावं!"

पहिल्या खोलीत एक पेशंट बसले होते. बाईंनी दारातून डोकं आत घातलं आणि म्हणाल्या, "अक्का, चहा तुमच्याकडे."

अक्कानं चहा केला. माझ्या कपात साखर घातली नाही.

आता खरी गोष्ट. तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक चष्मेवाले काका आले. साठीचे असतील. बसथांब्याजवळ कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. नाकात गाठ निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया होती, त्यात सबंध नाक जाणार होतं. स्कॅनसाठी त्यांनी चष्मा काढला तेव्हा मला नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लांबट खळगे दिसले. चाळीस वर्षं चष्मा एकाच जागी टेकून पडलेले.

"हे पण येतील ना त्यात?" त्यांनी बोटानं खळगे दाखवून विचारलं.

"सगळं येईल," मी म्हणालो.

आणि आलंही. अकरा फायली. मी त्या 'मूळ'मध्ये ठेवल्या. खरं म्हणजे लगेच त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर जायला हवी होती. पण प्रतींची डिस्क त्याआधीच काठोकाठ भरली होती. नवी मागवायचा अर्ज मी लिहिला होता, त्यावर सहीही केली होती, आणि तो माझ्या टेबलावर कॅलेंडरखाली व्यवस्थित दाबून ठेवला होता. पाठवायचा तेवढा राहिला होता.

काकांची जखम भरायला वेळ लागला, कामाची तारीख दोनदा पुढे गेली. मधल्या काळात माझा झाडू रुसला. एका गुरुवारी सकाळी त्याच्या नोंदवहीत मी वाचलं: 'चष्मा: वाट हद्दीबाहेर जाते. थांबलो.' पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. झाडू थांबायचा, ट्रे तसाच राहायचा, कॉम्प्युटर भरत चालला आणि बाईंचं काम मधेच अडकायला लागलं.

"भाऊ, तुमचा झाडू संपावर गेलाय का?" बाई दारातून विचारायच्या.

'चष्मा' म्हणजे काय हे मी बघायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम. पण काही नाकं चष्म्याच्या फ्रेमला जोडून बसवतात, तशा फ्रेमचे पाच-पन्नास नमुने ट्रेमध्ये पडलेले असतात. त्यातलाच एखादा दुवा असणार, असं मी ठरवून टाकलं. पाचव्या गुरुवारी माझं डोकं फिरलं. एवढ्याशा ट्रेसाठी अक्काचा हा तिजोरीवाला बंदोबस्त! मी फाईल उघडली आणि तिच्या दोन्ही ओळी खोडून टाकल्या. म्हटलं, जा बाबा, कुठे जायचं तिथे जा, पण झाड एकदाचं.

त्यानंतरचा पहिला बुधवार उजाडला. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाई हात पुसत माझ्या खोलीत आल्या.

"भाऊ, चष्मेवाले काका चारला येतायत. आज सुरुवात करायची त्यांच्या नाकाला. बरी झाली एकदाची जखम."

"मूळ स्कॅन काढून देऊ?"

"नको हो. माझ्या ट्रेमध्येच आहे तो."

"ट्रेमध्ये? मूळ स्कॅन ट्रेमध्ये ठेवलात?"

"स्कॅन नाही. ते तुम्ही शिकवलं होतंत ना, चिठ्ठी ठेवायची? तशी ठेवलीय, गेल्या महिन्यातच. पटकन उघडायला बरी. 'चष्मा' नाव दिलंय."

माझ्या पायाखालची जमीन सरकली, असं म्हणतात ते खोटं आहे. जमीन जागेवरच होती. माझेच पाय नव्हते. मी खुर्चीवरून उठलो, टेबलाखाली शिरलो आणि भिंतीतून कॉम्प्युटरचा प्लग उपटला. पंखाही त्याच बोर्डावर होता, तोही बंद पडला.

"अहो, काय झालं?" बाईंनी विचारलं.

मी टेबलाखालूनच सांगितलं. बाई भिंतीला टेकल्या. दोन वाजता झाडू चालला असणार, त्याला अडवणाऱ्या ओळी मी काढलेल्या, चिठ्ठीमागून तो 'मूळ'मध्ये गेला असणार, आणि काकांच्या अकराही फायली महिन्याहून जुन्या. प्रत नाही. ज्या नाकावरून त्या फायली बनल्या ते नाक आता जगात नाही.

"इस्पितळाचे एक्स-रे वगैरे असतीलच की," मी म्हणालो.

"त्यात नाकाचा अंदाज येतो, भाऊ. नाक येत नाही."

मी अक्काला फोन लावला. तिनं मधे एकदाही न अडवता सगळं ऐकून घेतलं.

"प्लग काढलास ते बरं केलंस. आता चालू करू नकोस. चालू झाला की पुसलेल्या जागेवर दुसरं काहीतरी लिहील. डिस्क काढ, दुसऱ्या कॉम्प्युटरला लाव, फक्त वाचण्यापुरती. पुसलेलं थोडंफार उकरता येतं कधीकधी."

"अक्का, मी तुझ्या ओळी काढल्या."

"ऐकलं मी."

"कटकट करत होत्या गं."

"कटकट करायलाच ठेवल्या होत्या." मला वाटलं आता बोलणी बसणार. पण ती म्हणाली, "डिस्क काढ आणि मग फोन कर. आणि रडू नकोस, स्क्रू हरवतील."

मी स्क्रूड्रायव्हर शोधत पहिल्या खोलीत गेलो, तर चष्मेवाले काका येऊन बसलेले. चारची वेळ, आणि हे अडीचला हजर. चेहऱ्यावर डोळ्यांच्या खालून गळ्यापर्यंत मफलर. चष्मा दोरीनं छातीवर लोंबत होता. समोरचं काही वाचायचं असलं की ते तो हातानं डोळ्यांसमोर धरायचे.

"घरी बसवेना," ते म्हणाले. "म्हटलं इथेच बसू. तुम्ही करा तुमचं काम."

मला नुसती मान हलवून आत जाता आलं असतं. जायचंही होतं. पण त्यांनी मला थांबवलं.

"तुमचा चष्मा वाकडा बसलाय. द्या इकडे."

मी दिला. त्यांनी स्वतःचा चष्मा डाव्या हातानं डोळ्यांसमोर धरला, उजव्या हाताच्या अंगठ्यानं माझ्या चष्म्याची काडी जराशी वाकवली, परत दिला. तेवढ्या कामानंही त्यांचे डोळे हसरे झाले.

"सोमवारपासून दुकान उघडायचा विचार होता," ते म्हणाले. "बाई म्हणाल्या, अजून तीन आठवडे. ठीक आहे, तीन तर तीन. तुम्हाला सांगतो, मफलर लावून सगळं जमतं. बाजारात जातो, बागेत जातो. दुकान नाही जमत. नंबर तपासताना मी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो. त्याला दुसरं काही बघायलाच नसतं. आणि माझ्या दुकानात लोक येतात ते आरशात चांगलं दिसायला. मला बघून परत जातील."

"बाई फार सुंदर करतात," मी म्हणालो.

"सुंदर नको हो. बायको म्हणाली, सरळ-बिरळ करून घ्याल तर घरात घेणार नाही. तेच आणा म्हणाली. खळग्यांसकट."

यानंतर गप्प राहणं मला जमलं नाही. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो आणि सगळं सांगितलं. झाडू, चिठ्ठी, ओळी, कॅलेंडरखालचा अर्ज. काहीही लपवलं नाही. "दर आठवड्याला तो अडायचा, बाईंचं काम अडायचं, माझ्या अगदी नाकी नऊ आले होते, म्हणून मी..." एवढं बोलून गेलो आणि थांबलो.

ज्याचं नाक नाही त्याच्यासमोर, त्याचं नाक हरवल्याची कबुली देताना, मी हे बोललो होतो.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मफलरच्या आतून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं, काका रडतायत. पण त्यांचे खांदे हलत होते आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या होत्या. ते हसत होते. चांगले पोट धरून हसत होते.

"दहा आठवडे!" ते म्हणाले. "दहा आठवडे माझ्यासमोर हा शब्द कुणी काढला नाही. बायको 'ना' म्हणते आणि पुढचं गिळते. मुलगी तर 'नाटक' म्हणतानासुद्धा अडखळते. बरं वाटलं हो ऐकून."

मग ते शांत झाले. मफलर नीट केला.

"गेल्या का फायली?"

"गेल्या असणार."

"असणार म्हणजे? बघितलंत?"

"नाही. डिस्क काढायची आहे."

"मग बघा की. गिऱ्हाईक पण मला दारातूनच सांगतं, माझा नंबर वाढलाय. मी म्हणतो, बसा आधी, काच लावून बघू. न बघता कसं कळणार?" ते उठले. "चला. मी पण येतो. माझीच गोष्ट आहे ती."

मी डिस्क काढली. चार स्क्रूंपैकी एक खरंच हरवला. तो काकांनी टेबलाखाली बसून शोधला. बारीक स्क्रू शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, फक्त वाचण्यापुरती. बाई माझ्या डाव्या खांद्यामागे, काका उजव्या, एका हातानं चष्मा डोळ्यांसमोर धरून. मी 'मूळ' उघडलं. घाईत दोनदा भलतंच फोल्डर उघडलं. मग काकांचं उघडलं.

एक, दोन, तीन... मी मोठ्यानं मोजत होतो. अकरा.

"अकराच होत्या ना?" बाईंनी विचारलं.

मी पहिली फाईल उघडली. पडद्यावर राखाडी रंगात काकांचा चेहरा आला. सबंध. मी तो वळवला. नाकाच्या डाव्या बाजूला एक लांबट खळगा. उजव्या बाजूला दुसरा.

काकांचा मोकळा हात माझ्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला. मग मी अक्कानं नको सांगितलेलं काम केलं. चांगला हुंदके देऊन रडलो. स्क्रू तोवर सगळे सापडले होते.

"पण कशा राहिल्या?" बाई पदराला हात पुसत म्हणाल्या. हात कोरडेच होते.

मी झाडूची नोंदवही उघडली. शेवटची ओळ आजची, दुपारी दोनची. 'चष्मा: वाट हद्दीबाहेर जाते. थांबलो.'

अक्काच्या ओळी जागच्या जागी होत्या. मग मी कुठल्या काढल्या? शोधायला पाच मिनिटं लागली आणि सापडल्यावर लाज वाटायला त्याहून कमी. माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये झाडूची एक जुनी प्रत पडली होती. अक्कानं शिकवताना मीच करून घेतलेली. गुरुवारी रागारागानं मी ती उघडली होती आणि ओळी तिच्यातून खोडल्या होत्या. बुधवारी चालतो तो झाडू वेगळ्या फोल्डरमध्ये. नाव एकच, पत्ता वेगळा. झाडू आपल्या वाटेनं बरोबर गेला होता आणि वेळेवर थांबला होता. भलत्या घरात शिरलो होतो तो मी.

अक्काला फोन केला. दोन्ही गोष्टी सांगितल्या, आधी चांगली, मग लाजिरवाणी.

"म्हणजे चूक करायला गेलास, तीही धड जमली नाही," ती म्हणाली.

"नाही जमली."

"देवाची कृपा. आता आधी त्या अकरा फायलींची प्रत कर. मग तो अर्ज पाठव. मग जेव."

मी तिन्ही गोष्टी त्याच क्रमानं केल्या. त्याआधी चहा केला, कारण तो माझ्याकडे होता. बाईंनी नियम माफ केला नाही.

तीन आठवड्यांनी काका शेवटच्या बैठकीला आले. बाईंनी दार लावून घेतलं आणि दीड तास आत कुणाला येऊ दिलं नाही. मग मला हाक मारली.

काका खुर्चीवर बसले होते. मफलर मांडीवर घडी करून ठेवलेला. मी त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला काही वेगळं दिसलं नाही. एक साठीचे गृहस्थ बसले आहेत, एवढंच दिसलं. आमच्या धंद्यात याहून मोठं कौतुक नाही.

त्यांनी गळ्यातली दोरी काढली. चष्मा दोन्ही हातांनी उघडला, काड्या तपासल्या आणि हळूच नाकावर ठेवला. दोन्ही टेकू आपल्या खळग्यांत जाऊन बसले. त्यांनी हात सोडले. मान खाली घातली, गिऱ्हाइकाला सांगतात तशी जरा हलवली. चष्मा हलला नाही.

"बसला," ते म्हणाले.

बाई खिडकीकडे वळून कशाची तरी आवराआवर करायला लागल्या.

काकांनी मान वर केली आणि हात मोकळे ठेवून खोलीभर बघितलं. आरसा, कपाट, बशा, उघड्या दारातून दिसणारी माझी खोली. माझ्या टेबलावरच्या भिंतीवर मी एक कागद चिकटवला होता. त्यांनी तो बसल्या जागेवरून वाचला.

"वाट हद्दीबाहेर जाते. थांबलो." ते माझ्याकडे वळले. "हेच का ते? कुणी लिहिलं?"

"माझ्या बहिणीनं."

"त्यांना म्हणावं, नंबर कळवा. त्यांचा चष्मा जन्मभर माझ्याकडून. चला, आता इथून निघतो तो नाकासमोर चालत थेट दुकानात."

"काका," बाई खिडकीपाशी उभ्या राहूनच म्हणाल्या, "चहा तुमच्याकडे."

ते चहा पाजूनच गेले. मी वरून पाहिलं. रस्त्यानं जाताना चार माणसं त्यांच्या शेजारून गेली आणि एकानंही वळून बघितलं नाही.

मी अक्काला फोन करून त्यांचा निरोप सांगितला.

"मला कशाला चष्मा? माझे डोळे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "तुलाच द्या म्हणावं. एका नावाच्या दोन फायली तुला ओळखू येत नाहीत." मग तिनं विचारलं, "नीट बसला का रे?"

"बसला. खळग्यांत जाऊन बसला, अक्का. हात सोडले त्यांनी."

पलीकडून अक्कानं नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"सर्दी झालीय मला," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.